कळंबला समुद्र नाही

हिवाळ्यात बारामती-इंदापूरकडे लोक हुरडा खायला जातात, नाहीतर उजनीच्या पाण्यावर उतरलेले पक्षी बघायला. मी गेले ती चौदा पानांची एक नियमावली आणि एका मुलीची फाइल घेऊन. तीन दिवसांचा प्रवास. कामाचा प्रवास म्हणून त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण आल्यापासून ज्याला त्याला त्याच गोष्टी सांगते आहे, तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

मी पुण्यात विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आणखी एक काम आलं: 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराची समन्वयक'. रत्नागिरीला माझ्या भावाने विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस?" मी म्हटलं, मुलं गृहपाठ यंत्राकडून लिहून घेतात, मास्तर प्रश्नपत्रिका यंत्राकडून काढून घेतात, आणि दोघं एकमेकांपासून लपवतात. त्यात बरोबर किती, चूक किती, आणि सांगायचं कसं, हे ठरवायचं. भाऊ म्हणाला, "मग तुला सुट्टी नाही."

फाइल होती ऋतुजा नावाच्या मुलीची. इंदापूरच्या महाविद्यालयात ती पर्यावरणशास्त्र शिकली. शेवटच्या वर्षी तिने आपल्या गावच्या, कळंबच्या, खराब झालेल्या जमिनीवर प्रकल्प लिहिला. तो यंत्राने लिहिलेला आहे म्हणून शिक्षकांनी नापास केला आणि तिचा निकाल राखून ठेवला गेला. तिने अर्ज केला. तो या टेबलावरून त्या टेबलावर जात माझ्याकडे पोचेपर्यंत सात-आठ महिने झाले होते. अर्जात शेवटी लिहिलं होतं की बारामतीच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, पण ती याच महिन्याच्या अखेरीपर्यंत.

बारामती

सकाळी बस एमआयडीसीच्या बाजूने शहरात शिरली तेव्हा पहिली पाळी सुरू होत होती. मोटारसायकलींचा एक लोंढाच गेटांकडे निघालेला, प्रत्येकाच्या हँडलला डब्याची पिशवी. दूध प्रकल्पाच्या कोपऱ्यावर हवेत तापलेल्या दुधाचा वास होता. मला नाश्त्याआधीच भूक लागली.

महाविद्यालयात मला घ्यायला जगतापसर आले. तिथे रसायनशास्त्र शिकवतात, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. तिन्ही दिवस त्यांच्याच गाडीतून फिरायचं ठरलं होतं. सभागृहात आसपासच्या महाविद्यालयांतले चाळीसेक शिक्षक जमले होते. मी नियमावली वाटली, प्रस्तावना केली आणि विचारलं, काही शंका?

मागच्या रांगेतून ग्रंथपाल शेखमॅडम उठल्या. चष्मा वर करून त्यांनी शांतपणे वाचलं, "नियम नऊ. विद्यार्थ्याने आपल्या भ्रमांची नोंद वेळोवेळी वहीत ठेवावी."

सभागृहात हालचाल झाली.

"नियम अकरा. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी माणसाला फासात ठेवणे बंधनकारक राहील." त्यांनी कागद खाली केला. "मॅडम, नऊचं मी समजू शकते, आमच्या मुलांना भ्रम आहेतच. पण अकरामध्ये फासात नक्की कुणाला ठेवायचंय? प्राचार्यांना की आम्हाला?"

हशा पिकला. मूळ मसुदा समितीने इंग्रजीत केला होता. यंत्र कधी कधी नसलेली गोष्ट खात्रीने सांगतं, त्याला इंग्रजीत 'हॅल्युसिनेशन' म्हणतात, त्याचे मराठीत भ्रम झाले होते. आणि निर्णयात माणूस असावा, सगळं यंत्रावर सोडू नये, या साध्या सूचनेतल्या इंग्रजी 'लूप'चा फास झाला होता. मराठी भाषांतर यंत्राने केलं होतं. मी ते निघायच्या घाईत एकदा वरवर चाळलं होतं.

खोटं बोलायची सोय होती. छपाईची चूक म्हणता आलं असतं. पण याच नियमावलीत तिसरा नियम होता की यंत्राची मदत घेतली तर तसं सांगावं. मी माइक हातात घेतला आणि जे झालं ते सांगितलं. "म्हणजे तिसरा नियम पहिल्यांदा मीच मोडला," असं म्हणून खाली बसले.

मग एक तरुण शिक्षक म्हणाले, की ते गेली दोन सत्रं प्रश्नपत्रिका तशाच काढतात. दुसऱ्या बाईंनी सांगितलं, की त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची उत्तरं इतकी सारखी आली की एकाच घरात जेवलेली वाटत होती. दुपारपर्यंत सगळे बोलत होते. माझी प्रस्तावना कुणालाच आठवत नसणार. संध्याकाळी शेखमॅडमनी त्या चौदा पानांवर लाल पेनाने खुणा करून ती परत आणून दिली. म्हणाल्या, "तीन पानांत बसेल हे. मी मदत करते. हाताने." आम्ही दोघी तिथेच बसलो आणि पहिलं पान लिहून काढलं.

मुक्काम जगतापसरांच्या घरी, वडगाव निंबाळकरला होता. गोठा घराला लागूनच. आमच्या कोकणात पाहुणा आला की आधी पाण्याबरोबर गूळ येतो, इथे मी चपला काढेपर्यंत हातात धारोष्ण दुधाचा पेला आला. पाहुणी कोकणातली म्हणून सरांच्या आईंनी मुद्दाम भात टाकला होता. माझं मन मात्र बाजरीच्या भाकरीवर होतं, शेजारी वांग्याचं भरीत आणि पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी. मी दीड भाकरी खाल्ली आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून वर भातही खाल्ला. त्यानंतर खरवस आला. नाही म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती.

सरांचे वडील, आबा, ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, ते तुमचं यंत्र खोटं बोलतं व्हय?"

मी म्हटलं, "आबा, खोटं बोलायचं असं त्याच्या मनात नसतं. पण ठाऊक नसलं तरी ते गप्प बसत नाही. काहीतरी सांगतंच."

आबांनी मान डोलावली. "मग तसली माणसं आमच्या गावात बी हायत. आमी त्यास्नी इचारतच न्हाय."

इंदापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो आणि सणसरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्या आवाजात गाणी. ओलांडून जायला जागाच नव्हती. पडलेला ऊस उचलून जगतापसरांनी बॉनेटवर मोडला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून खाल्ला. मुंबई-गोव्याच्या रस्त्यावर मी कित्येक तास अडकले आहे. इतकं गोड अडकणं मात्र पहिल्यांदाच झालं.

इंदापूरला पोचायला तास-सव्वातास उशीर झाला. मानेसर वाट बघत होते. ऋतुजाचे शिक्षक. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टेबलावर फाइल कडेला कड लावून ठेवलेली. माणूस रागीट असेल असं मी धरून चालले होते. ते दमलेले होते.

"मॅडम, त्या वर्षी मी तीसेक प्रकल्प वाचले," ते म्हणाले. "सगळ्यांची प्रस्तावना एकच. 'आजच्या आधुनिक युगात.' मी रात्रंदिवस वाचायला बसलोय आणि लिहायला कुणी बसलंच नाही, असं वाटलं. त्यातून हा आला."

त्यांनी ऋतुजाचा अहवाल उघडला. अडतीस पानं. तपासणीच्या सॉफ्टवेअरने जवळजवळ सगळं लाल रंगवलेलं. मी म्हटलं, "सर, त्या लाल रंगावर जाऊ नका. माझं स्वतःचं जुनं भाषण घातलं तर तेही लाल येतं."

"मीही त्यावर गेलो नाही," ते म्हणाले. "हे वाचा."

बाराव्या पानावर लिहिलं होतं: 'कळंब परिसरात समुद्राच्या भरतीचे पाणी शेतात शिरल्यामुळे जमिनी क्षारयुक्त होत असून भातशेतीवर विपरीत परिणाम होत आहे.'

समुद्राकाठी जन्मलेल्या मला ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. कळंबपासून समुद्र म्हणजे मधे सगळा सह्याद्री. भाताचं म्हणाल तर तिकडे ऊस, मका आणि ज्वारी.

ऋतुजाला बोलावून ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर ती सकाळपासून बसलेली. बारीक अंगाची, केसांची घट्ट वेणी. आत येऊन उभी राहिली.

"हा अहवाल तू लिहिलास?" मी विचारलं.

"हो, मॅडम."

"बारावं पान?"

ती खाली बघत राहिली. मानेसरांनी विचारलं, "क्षारीकरणाची कारणमीमांसा थोडक्यात सांग." तिने तोंड उघडलं, एक-दोन शब्द जुळवले, "जमिनीमध्ये... क्षारांचे..." आणि थांबली. सरांनी माझ्याकडे बघितलं. बघा, असं त्या बघण्यात होतं. मलाही वाटलं, प्रकरण सरळ आहे. आत्ता सही करावी आणि मोकळं व्हावं.

पण वर्गात तीस वर्षं उभं राहिल्यावर एक कळतं. ज्याला येत नाही तो मुलगा इकडेतिकडे बघतो. ही मुलगी हाताची मूठ आवळून उभी होती. मी विचारलं, "माती कुठे बघितलीस?"

"आमच्या रानात."

"उद्या दाखवशील?"

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "दाखवते."

मानेसरांना मी म्हटलं, तुम्हीही चला. त्यांना ते आवडलं नाही. पण आले.

त्या दुपारी जगतापसरांनी मला उजनीच्या काठच्या एका खानावळीत नेलं. गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्याकडे मासा म्हणत नाहीत. चिलापी तळून समोर आली तेव्हा मी तोंड कसं करायचं ते ठरवूनच बसले होते. पहिल्या घासानंतर तो बेत सोडला. लांब पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. आम्ही आणखी एक ताट मागवलं. रत्नागिरीला हे सांगितलेलं नाही.

कळंब

तिसऱ्या दिवशी जंक्शन नावाच्या गावावरून वळलो. रेल्वे मला तिथे कुठे दिसली नाही, पण नाव जंक्शन. कळंबच्या अलीकडे फाट्यावर ऋतुजा सायकल धरून उभी होती. ती पुढे, आमची गाडी मागे, असे आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. मानेसर त्यांच्या मोटारसायकलवरून आधीच येऊन थांबले होते. ऋतुजाचे आजोबा, तात्या, सत्तरीच्या पुढचे, धोतर आणि वर स्वेटर. त्यांनी मानेसरांसाठी घरातली खुर्ची बांधावर आणून ठेवली होती. सर बसत नव्हते म्हणून तात्याही बसत नव्हते.

रान चढउताराचं. वरच्या अंगाला ऊस, हिरवागार. आपण खाली उतरत गेलो की ऊस खुजा होत जातो, मग पिवळा, आणि कालव्याच्या बाजूला तो संपतोच. तिथली जमीन पांढरी होती. मीठ सांडावं तशी. मी कोकणात खारवट जमीन बघितली आहे, ती खाडीच्या पाण्याने होते. इथे समुद्र नव्हता. इथे गोड्या पाण्याने, जास्तीच्या पाण्याने, हे केलं होतं. आमच्याकडे पाणी धो धो पडून वाहून जातं म्हणून आम्ही रडतो. पाणी थांबून राहिल्यावर काय होतं, हे मी पहिल्यांदा बघत होते.

मी ऋतुजाला म्हटलं, "तुझ्या भाषेत सांग. आम्हाला घाई नाही."

तिने एकदा सरांकडे बघितलं. मग खाली बसून मातीला हात लावला.

"हे एकदम न्हाय होत, मॅडम. वरच्या रानाला पाणी लई दिलं की ते हितं खाली मुरतं. खाली कडक थर हाय, तितनं ते फुडं जात न्हाय. मग ते उन्हानं वर येतं, येताना मीठ घिऊन येतं. आदी हितं हिरवं शेवाळ धरतं. ते वाळलं की पांढरं फुटतं. पांढरं दिसाया लागलं म्हंजे दोन वर्सं उशीर झाला म्हणायचा."

"हे तुला कसं कळलं?" मानेसरांनी विचारलं.

"तात्यांनी दाखवलं. आनी मी मोजलं." तिने फोन काढला. आठ महिने, दर रविवारी, ती तात्यांबरोबर या बांधावरून चालली होती. किती पावलांवर शेवाळ, किती पावलांवर पांढरं, विहिरीचं पाणी किती वर, सगळं बोलून भरून ठेवलेलं. तिने एक आवाज लावला. वाऱ्याचा आवाज, लांब कुठेतरी म्हैस, आणि तात्या सांगतायत, "हितली माती जिभंला लाव. खारट लागली का? वरची लाव आता."

मानेसर ऐकत होते. तिने एकामागून एक सहा-सात रविवार लावले. कुणी थांबवलं नाही.

मग सरांनीच विचारलं, आणि आवाज कालच्यासारखा नव्हता, "एवढं असताना ते समुद्राचं कुठून आलं?"

"मी हे सगळं यंत्राला सांगितलं, सर. म्हटलं, शुद्ध भाषेत कर. त्यानं केलं. ते मधलं त्यानंच घातलं."

"तू वाचलं नाहीस?"

"वाचलं." तिने फोन बंद केला. "वाटलं, पुस्तकात असंल तसं. मला काय म्हाईत."

तात्यांनी मला हळूच विचारलं, कसला समुद्र. मी सांगितलं. त्यांनी कालव्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"पण तू आपल्या भाषेत का नाही लिहिलंस?" मी विचारलं. "मी वाचलं असतं."

"पहिल्या वर्साला मी निबंध लिवला व्हता. 'विहिरीला पाणी लई व्हतं' असं. सरांनी वर्गात वाचून दाखवला. पोरं हसली."

मानेसर वळले. "मी?"

"हसायला न्हवता वाचला, सर," ती घाईने म्हणाली. "शुद्धलेखन सांगाया वाचला व्हता. तुमच्या ध्यानात नसंल."

त्यांच्या ध्यानात नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते दोन पावलं बाजूला गेले, त्या पांढऱ्या जमिनीवर उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टाची बाही वर करून खाली वाकले आणि चिमूटभर माती जिभेला लावली. तिथेच थुंकले. मग येऊन बांधावर बसले, तात्यांची खुर्ची तशीच ठेवून.

"बस," ते ऋतुजाला म्हणाले. "तोंडी परीक्षा घेतो. जसं येईल तसं बोल."

ती परीक्षा पाऊण तास चालली. कालचे प्रश्न नव्हते ते. पाण्याचा निचरा कसा करणार, हिरवळीच्या खतासाठी पेरलेला धैंचा कधी गाडायचा, जमिनीखाली भोकाचे पाइप घातले तर पाणी सोडायचं कुठे. एका प्रश्नावर ती म्हणाली, "हे मला न्हाय म्हाईत, सर." सरांनी तेही लिहून घेतलं. आणि एका ठिकाणी, शेजारच्या शेतात पाइप घालूनही पांढरं का हटत नाही हे ती सांगत होती, तेव्हा मानेसरांचं पेन थांबलं. "थांब," ते म्हणाले. "हे पुन्हा सांग. हे मला माहीत नव्हतं."

तात्या घराकडे जाऊन उगीचच पाणी घेऊन आले.

निर्णय आम्ही तिथेच केला. तिची चूक होतीच. यंत्राची मदत घेतली आणि सांगितली नाही, आणि डोळ्यांना दिसत असलेलं सोडून त्याच्यावर विश्वास ठेवला. तेव्हा अहवाल पुन्हा लिहायचा, आठवड्यात. यंत्र कुठे वापरलं ते पहिल्या पानावर सांगायचं. बारावं पान काढायचं. रविवारचे आवाज सोबत जोडायचे. तोंडी परीक्षेचे गुण आजच धरायचे. "आणि शुद्धलेखन?" तिने विचारलं. मानेसर म्हणाले, "ते मी बघतो. माझं काम आहे ते."

जेवायला ऋतुजाच्या आईने ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि ठेचा केला होता. वर दही. बाहेर निंबाखाली पंगत बसली. मानेसरांनी तिसरी भाकरी मागून घेतली. ज्या घरातल्या मुलीला त्यांनी नापास केलं त्याच घरात ते जेवत होते, आणि वाढणाऱ्या बाईंच्या हातात कुठे आखडतेपणा नव्हता. मी शहरातून जे ठरवून आले होते, त्यात यातलं काहीच नव्हतं.

परतीची गाडी जगतापसर चालवत होते. बारामती आल्यावर म्हणाले, "मीही वर्गात पुष्कळांचं वाचून दाखवलंय, मॅडम."

पुण्याला येऊन मी नियमावली पुन्हा लिहिली. शेखमॅडम फोनवरून, मी कागदावर. चौदाची साडेतीन पानं झाली. त्यात एक नवा नियम आहे, की संशय आला तर विद्यार्थ्याला आधी त्याच्या बोलीत बोलू द्यावं, आणि ऐकणाऱ्याने वेळ काढावा. समितीत कुणी तरी म्हणालं, हा नियम आहे की सूचना? मी म्हटलं, नियम.

ऋतुजाचा अहवाल आठवड्याच्या आत आला. निकाल लागला, प्रयोगशाळेतली जागाही मिळाली, महिना संपायला दोन दिवस उरले असताना. परवा तिचा फोन आला. एमआयडीसीच्या बाजूला खोली घेतली आहे, तात्या एकदा येऊन प्रयोगशाळा बघून गेले. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी पिशवीत माती घेऊन आला म्हणाली. फॉर्ममध्ये लिहायचं होतं जमिनीचा प्रकार, नमुन्याची खोली, एवढंच.

"मग?" मी विचारलं.

"मी इचारलं, काका, पांढरं कवापासनं फुटतंय? तर त्यांनी पिशवी खाली ठेवली आनी बसलेच. अर्धा तास बोलत व्हते, मॅडम. मी सगळं लिहून घेतलं. बोलले तसंच."